न्हाणीच्या पाण्यावरचा वेल

उन्हाळ्यात माझ्या थोरल्या जावेच्या घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी आंघोळीचं विचारलं जायचं. "आंघोय करून घ्या भाऊ, उनातून आले." पाहुणा संकोचायचा. वैशाखात आमच्या गावाला टँकर येतो, हंडे रांगेत लागतात, हे त्यालाही दिसत असायचं. पण बाई ऐकायच्या नाहीत. थोरल्या जावेला आमच्याकडे बाईच म्हणतात. त्या बादली भरून न्हाणीत ठेवायच्या, दोरीवर पंचा टाकायच्या आणि पाहुण्याला जवळजवळ ढकलायच्या. तो घरी जाऊन सांगायचा, काय मोठ्या मनाची बाई, पाण्याची मारामार असताना पाहुण्याला आंघोळ घालते. हे कानावर आलं की मी तोंडाला पदर लावून हसायची. बाईंना पाहुण्याच्या घामाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांच्या न्हाणीमागे रताळ्याचा वेल होता आणि त्याला पाणी हवं होतं.

रताळ्याचं असं आहे, त्याचं बी पेरत नाहीत. वेलाचे वीतवीत तुकडे पावसाळ्यात वरंब्यावर खोचायचे. एकदा मुळं धरली की तो वेल पाण्याची फार वाट बघत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात लावायला तुकडे हवेत, म्हणजे तो उन्हाळाभर कुठंतरी जिवंत ठेवायला हवा. वावरात इतका चिवट असणारा हा प्राणी चैत्र-वैशाखात मात्र कुणाच्या तरी सांडपाण्यावर जगतो. बाईंच्या घरी तो न्हाणीच्या पाण्यावर जगायचा. त्यामुळं त्या न्हाणीचे कायदे कडक होते. कपडे तिथं धुवायचे नाहीत. साबण बेतानं. एकदा पुतण्यानं, म्हणजे बाईंच्या मुलानं, कॉलेजात असताना डोक्याला शाम्पूचा भरपूर फेस केला, तर बाई बाहेरून ओरडल्या, "माया येलाले फेस पाजून राह्यला काय बे?" शेजारपाजारच्यांनी तो प्रश्न पुढं कित्येक दिवस त्याला विचारला.

हा वेल त्यांनी लग्नानंतर माहेराहून आणलेला. माहेर वरवट बकालचं. तिथं नदीकाठच्या रेताड पट्टीत त्यांची आई रताळी लावायची. पहिल्या दिवाळीला बाई माहेरी गेल्या तेव्हा आईनं लुगडं-चोळीबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलाची पेंडी दिली. आई पुढं गेली, माहेरचं घर भावांनी पाडून नवं बांधलं, दिलेली भांडी फुटली-मोडली. वेल राहिला. त्याचं पान कावळ्याच्या पायासारखं चिरलेलं आणि देठाशी जांभळं. गावात दुसरा कुठलाही वेल असा नव्हता.

तो मागून नेण्याचीही एक रीत होती. वेल विकायचा नाही. मागायला बाईमाणसानंच यायचं, पदर पसरायचा, देणारीनं पदरात टाकायचा. पुरुषाच्या हाती दिला तर लागत नाही, असा समज. मी एकदा विचारलं, "काऊन लागत नाई, बाई?" तर म्हणाल्या, "माणसं लावतेत अन् इसरून जातेत. उन्हायात पानी कोन घालन?" पुढं मी काही बोलले नाही, कारण माझ्या घरचा माणूस समोरच खाटेवर झोपलेला होता.

आता माझ्याबद्दल. वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्याच्या म्हणजे आमच्या वाट्याला काळी जमीन आली आणि बाईंच्या वाट्याला थोडी काळी आणि धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, बरड आलं. मुरमाड, उथळ, दगडगोटे वेचता वेचता जन्म जाईल असं. चिठ्ठ्या टाकूनच झालं होतं, तरी मी काही दिवस मान ताठ ठेवून चालायची. बाई मला 'कायीवाली' म्हणायच्या, मी त्यांना 'बरडवाली'. भांडण असं नव्हतं. पण काळ्या जमिनीच्या मालकिणीनं बरडावरच्या बाईकडं वेल मागायला पदर पसरायचा, हे काही माझ्याच्यानं झालं नाही. रताळी खायची मात्र मी हक्कानं. चुलीच्या राखेत भाजलेलं त्यांचं रताळं, वर मीठ नको, तूप नको.

आमच्या भागात सगळे सोयाबीन का लावतात, हे बाहेरच्या माणसाला मूर्खपणा वाटतो. तो मूर्खपणा नाही. सोयाबीन ट्रॅक्टरनं पेरता येतं, यंत्रानं काढता येतं, पोत्यात भरून धामणगाव बढ्याला किंवा मोताळ्याला नेलं की त्याच दिवशी कुणीतरी घेतं. त्याला विमा आहे. रताळ्याला काय आहे? महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी सगळं जग रताळी मागतं आणि शिवरात्र सरली की टोपलीकडे कुणी ढुंकून बघत नाही. शिवाय रानडुक्कर. डुकराला रताळ्याचा वास एवढा लांबून येतो की वाटतं त्याला कुणी निरोपच धाडला असेल. बाईंचं बरड गावाला लागून होतं, भोवती जुन्या लुगड्यांचं कुंपण होतं, म्हणून निभायचं. पुतण्या शिकून, पुण्याकडे काही वर्षं नोकरी करून परत आला आणि शेती बघू लागला, तेव्हा तो म्हणाला, "आई, तेवढं बरड बी सोयाबीनमंधी घेऊ. ट्रॅक्टर आला तं एका दमात होऊन जाते." त्याचं बरोबरच होतं. पण बाई म्हणाल्या, "मी हाये तवर एवढं राहू दे." त्यानंही मग विषय काढला नाही.

त्या वर्षी पावसानं सुरुवात बरी केली आणि सोयाबीन फुलावर असताना दडी मारली. रोज ढग यायचे, अजिंठ्याच्या डोंगराकडे जायचे. माझ्या काळ्या जमिनीला अशा भेगा पडल्या की चप्पल अडकायची. शेंगा धरल्या त्या चपट्या राहिल्या, मग पानं पिवळी पडली, मग मी वावरात जाणंच सोडून दिलं. रोज मरताना कोण बघणार?

बरडावरचा वेल दुपारी मान टाकायचा. मला वाटायचं, आता हाही गेला. पण सकाळी जाऊन बघावं तर पानं वर. वाढत नव्हता, एक इंचही पुढं सरकत नव्हता, पण जिता होता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "थो मरत नाई. तहान लागली का गप बसते. पानी आलं का मंग बोलते." खोल मुळं असतात, जमीन हलकी असली तरी मुरमाच्या फटीतून ती खाली जातात, असं पुतण्यानं मला समजावलं होतं. मला बाईंचं म्हणणं जास्त पटलं, कारण त्या स्वतःही तशाच होत्या. रागावल्या तर बोलायच्या, पण खरंच लागलं की गप्प.

परतीचा पाऊस थोडा आला आणि वेल बोलला. रताळी मोठी झाली नाहीत, काही तर अंगठ्याएवढीच, शिरा फार. बाईंनी कुणालाही 'बघा, मी सांगत होते' असं म्हटलं नाही. नाहीतर मी! मी असते तर गावभर दवंडी दिली असती. वेलाचा पाला त्यांनी आमच्या गाईलाही पाठवला, कारण आमच्याकडे कडबा संपला होता. त्या हिवाळ्यात आमच्या दोन्ही घरी न्याहारीला उकडलेली रताळीच होती. काळीवालीनं बरडाचं खाल्लं आणि मुकाट्यानं खाल्लं.

चैत्रात बाई लेकीकडे गेल्या. लेक बीबी गावात दिलेली, तिचं दुसरं बाळंतपण होतं. नेहमीप्रमाणे वेलाचे चांगले शेंडे निवडून त्यांनी न्हाणीमागे लावून ठेवले आणि जाताना पुतण्याला बजावलं, "रोज आंघोय कर बे, सुटी मारू नको."

बाईंचे गुडघे दुखायचे. न्हाणीतल्या दगडावरून उठताना त्या भिंत धरायच्या, हे पुतण्यानं किती दिवस पाहिलं होतं. आई घरात नाही तोवर त्यानं मिस्त्री बोलावला. फरशी, नळ, बसायला ओटा, भिंतीत धरायला स्टीलचा दांडा. सांडपाणी उघड्यावर नको म्हणून पाइप टाकून मागे शोषखड्डा. मी जाता-येता बघत होते. विटा उतरल्या त्या दिवशीच मी विचारलं, "येल काढून ठेवला ना रे?" तो म्हणाला, "हाव काकू, बादलीत पानी घालून ठेवला. काम झालं का परत लावतो." आणि ठेवला होता, खरंच, निंबाच्या सावलीत बादली मी डोळ्यांनी पाहिली. तो दुपारी मोताळ्याला गेला. मिस्त्रीला सिमेंट कालवायला बादली हवी होती. त्यानं त्यातला पाला उकिरड्यावर उलटा केला. मिस्त्रीच्या दृष्टीनं तो पालाच होता. वैशाखातलं ऊन, संध्याकाळपर्यंत त्याच्या काड्या झाल्या. पुतण्यानं त्या काड्याही पाण्यात घालून पाहिल्या.

बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी नवी न्हाणी बघितली, नळ सोडून बघितला, दांडा धरून बसून उठून बघितलं. मग मागे गेल्या. तिथं सपाट सिमेंट होतं. पुतण्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी मुद्दाम जवळ थांबले होते. म्हटलं, आता ओरडतील तेव्हा मधे पडू. बाई म्हणाल्या, "चांगलं केलं बापा. मायासाठीच केलं ना." आणि घरात जाऊन बाळाच्या बारशाचे पेढे काढू लागल्या. मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी घरी जाऊन माझ्या माणसाला विनाकारण बोलले.

मग आम्ही दोघींनी वेल शोधला. म्हणजे बाई निघाल्या आणि मी बरोबर गेले. एवढ्या वर्षांत कितीजणींनी पदरात वेल नेला होता! पण एकीचं रताळ्याचं वावर मुलानं भाड्यानं दिलेलं, दुसरीकडे बोअर आटली, तिसरीनं सरळ सांगितलं, "बाई, आमी तं कधीच सोडलं. सोयाबीन सोपं जाते." बौद्धवाड्यातली एक जण बाईंची जुनी मैत्रीण. दोघी पूर्वी एकमेकींच्या वावरात इर्जिकीला, म्हणजे सावडीनं काम करायला जायच्या. तिनं हापशीच्या सांडपाण्यावर पुष्कळ वर्षं वेल राखला होता. आम्हाला बघून ती आधी खूश झाली, चहा ठेवला आणि मग येण्याचं कारण कळल्यावर कपाळावर हात मारला. "दोन साल झाले, हापशी बंद पडली. मी म्हनलं, हरकत नाई, बाईकडे तं हायेच." तिथंच मला कळलं काय झालं ते. सगळ्याजणींनी हेच म्हटलं होतं. बाईंकडे तं हायेच.

शेवटी वरवटला गेलो, एसटीनं. रेताड पट्टीत दारापर्यंत कपाशी. भाऊ-भावजय चांगले वागले. भावजयीनं पुरणपोळी केली, निघताना साडी नेसवली. वेलाचं विचारलं तर हसली, "थे कोन लावते आता बाई? तुमच्या आईसंग गेलं थे." बाई साडीच्या घडीवर हात फिरवत परत आल्या. गाडीत मला म्हणाल्या, "मायचा एक येल हाये म्हनून मी तिले मेली म्हनत नव्हती." एवढंच. खिडकीतून मी बाहेर बघत बसले.

पुतण्यानं चौकशी केली होती. सुधारित जातीचा वेल मिळतो, नारिंगी गराचा, गोड, पावसाच्या खंडात टिकणारा. आणून देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "आन ना. चांगलाच असन. पन थो मायचा नाई." वरातीमागून घोडं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं, त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. पुढच्या आठवड्यात पेरण्या सुरू झाल्या. ट्रॅक्टर धुऱ्यापाशी थांबवून तो घरी आला आणि विचारलं, "आई, बरड?" बाई म्हणाल्या, "पेर." त्यानं पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "पेर म्हनलं ना." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरडावर सोयाबीन पडलं.

बाईंचं बोलणं-चालणं तसंच होतं. पण त्यांनी बरडाकडे जाणं सोडलं. नव्या न्हाणीत आंघोळ झाली की पाणी शोषखड्ड्यात जातानाचा गुळगुळ आवाज यायचा, तेव्हा त्या हातातलं काम थांबवायच्या. पाहुण्यांना आता थेट चहा मिळू लागला.

सोयाबीन वीतभर झालं आणि पावसानं पुन्हा थोडी ओढ दिली. तण माजलं म्हणून लोक तणनाशक फवारत होते. एके सकाळी पुतण्या आमच्या दारात उभा. पाठीवर पंप, अंगावर औषधाचे शिंतोडे, तोंडाला बांधलेला दुपट्टा खाली ओढलेला. "काकू, आईले घेऊन चाल बरडात. मी बोलावलं तं थे येनार नाई." काय झालं म्हणून विचारलं तर, "चाल तं खरं," म्हणून निघूनही गेला. मी बाईंना काय सांगून नेलं ते आता आठवत नाही. बहुतेक आमच्या गाईनं धुरा ओलांडला असं काहीतरी.

बरडाच्या कडेला एक बोरीचं झाड आहे, त्याच्या बुडाशी वेचलेल्या दगडांचा ढीग. तिथं ट्रॅक्टर वळत नाही. सगळीकडे फवारून झालेलं होतं, पण बोरीभोवतीचा चांगला खोलीएवढा तुकडा तसाच सोडलेला, गवत गुडघ्याएवढं. आणि त्या गवतात पालथं घातलेलं लोखंडी घमेलं, वर दगड. आम्ही जवळ गेल्यावर पुतण्यानं दगड काढला, घमेलं उचललं. खाली वेल होता. दगडांच्या ढिगातून निघालेला, चांगला तीन हात लांब, वेटोळं घालून ठेवलेला, कोवळा. कावळ्याच्या पायासारखं पान, देठाशी जांभळं. काढणीच्या वेळी एखादं रताळं खोल दगडाखाली राहून गेलं असणार. अख्खा उन्हाळा ते तिथं कोरड्या मुरमात पडून होतं आणि आम्ही दोघी काखेत कळसा ठेवून जिल्हा पालथा घालत होतो.

बाई खाली बसल्या. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. पान उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. मग पहिलं वाक्य बोलल्या ते रागाचं होतं, "घमेलं काऊन झाकलं बे? उकडून मरून गेला असता ना थो!"

"औषीद उडत होतं आई. अन् बकऱ्या हिंडून राह्यल्या."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि या खेपेला मला राग आला नाही.

बाईंनी नखानं शेंडा खुडला. मुळाकडचा भाग तिथंच राहू दिला. वीतभराचे काही तुकडे झाले. ते हातात घेऊन त्या उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. एवढ्या वर्षांत मी मागितला नव्हता, पण त्या क्षणी पदराला हात गेलाच होता माझा. तेवढ्यात पुतण्या पुढं आला. त्यानं गळ्यातला दुपट्टा सोडला, औषधाचे डाग असलेली बाजू आत दुमडली आणि आईसमोर दोन्ही हातांनी पसरला. मान खाली होती.

बाई त्या दुपट्ट्याकडे बघत राहिल्या. "माणसाच्या हाती लागत नाई थो," म्हणाल्या. "उन्हायात पानी कोन घालन?"

"न्हाणीचा पाइप कापला मी," तो म्हणाला. "सकायीच. येल दिसला, घमेलं झाकलं, अन् पयले घरी जाऊन पाइप कापला. सिमेंट बी फोडलं मांगचं, तू देवळात गेल्ती तवा. पानी आता मोकयं जाते."

वाऱ्यानं औषधाचा वास आला. बाईंनी तुकडे मोजले नाहीत. अर्धे अंदाजानं वेगळे केले आणि आधी माझ्याकडे हात केला. मी पदर पसरला. "एकाच घरी ठुला म्हनून गेल्ता," त्या म्हणाल्या. मग उरलेले लेकाच्या दुपट्ट्यात टाकले, एकेक करून, आणि त्याची गाठ स्वतःच मारली.

घराकडे निघालो. पुतण्या पुढं, गाठोडं छातीशी धरून. त्याच्या पाठीकडे बघत बाईंनी हाक मारली, "काबे, अंगाले औषीद लागलं हाये तुया. आज काकूकडे आंघोय कर, तिचा येल लावाच्या पयले." तो थांबून मागे बघू लागला, तर म्हणाल्या, "उद्यापासून मायाकडे. अन् सुटी मारू नको."